वेंडेलच्या कानातली ठकठक

वेंडेल हवा दाबून भरणारी, सुपरचार्जरवाली शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं डोळे मिटून कानांनी जुळवतो. टोकाला माइक असलेली तार इंजिनाला आवळायची, हेडफोन चढवायचे. आत इंधन अवेळी पेटल्याची ठक आली की ठिणगी जरा उशिरा पाडायची, नाहीतर पिस्टन वितळतो. दोन इंजिनं अशीच गेली होती. हे शेवटचं, आणि उद्या डेट्रॉईटला त्याच्या लेकीची, नोरीनची, शर्यत.

"ठिणगी उशिरा केली, हवेचा दाब उतरवला, तरी ठकठक!" वेंडेल रडकुंडीला आला. "बंद कर गं, फुटेल!"

"बाबा, केव्हाच बंद केलंय. आता कान जुळवून घ्या."

मला, त्याच्या मदतनीसाला, हसू आलं. मी बॉनेटखाली डोकावलो. तार सुटून नुसती लोंबत होती; म्हणजे तो ऐकत होता ती ठकठक त्याच्याच छातीतली.

"द्या, मी बांधते," म्हणत नोरीनने माइकचं टोक मुठीत घट्ट धरलं.

डोळे मिटलेला वेंडेल किंचाळला, "आता फुटतंय!"