वाढलेलं वजन

"वाढलं!" ज्ञाना काट्यावरूनच ओरडली आणि वडिलांकडे बघून हसली.

भिंतीवरच्या पेटीतला लाल आकडा मागच्या वेळेपेक्षा वर होता. अनिलने खिशातून मोबाइल काढला. घरी बायको बातमीची वाट बघत होती. पोरीचं वजन चढत राहिलं तर हेदवीच्या गणपतीला मोदक, असं ती बोलून बसली होती.

"फोन जरा थांबवा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ज्ञानाला खुर्चीत बसवून तिचं मनगट धरलं होतं. नजर घड्याळावर होती. "वजन वाढतंय. नाडी मात्र मंदच आहे. हात गार आहेत. हे जुळत नाही."

या बाईला जुळवायचंच नाहीये, अनिल मनात म्हणाला. वजन पुन्हा उतरलं तर मुलीला कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल करावं लागेल, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मिरकरवाड्याच्या बंदरात जाळी, दोर नि बोये विकण्यात अनिलचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कोण कुणाकडे गिऱ्हाईक पाठवतो आणि त्यात त्याला काय सुटतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"काटा तुमचाच ना, मॅडम?"

"माझाच."

"मग तोच खोटा म्हणताय?"

ज्ञाना खुदकन हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. "हे बघा, आपण उपाशी राहिलो की चिडचिडतो. हिच्यासारख्या काही मुलांचं उलट होतं. पोट रिकामं असलं की मेंदूतलं एक रसायन कमी होतं आणि मनातली धास्ती शांत होते. जेवलं की ती पुन्हा चढते. निदान आम्हाला तसं वाटतं. पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही."

"मासळीत रसायन घालतात, ते मला माहितेय. माझ्या पोरीत कुणी घातलंन?"

"कुणी नाही. ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं. हिचं बिनसलंय. त्यात तिचा काही दोष नाही. पण हा आजार फार हुशार असतो."

"म्हणजे पोरगी लबाड आहे, असंच ना?"

"बघा ना पप्पा," ज्ञाना म्हणाली. "रात्री तुमच्यासमोर जेवले की नाही मी?"

"जेवलीन की! सुरमईची तुकडी पण खाल्लीन. मी स्वतः वाढली."

डॉक्टरांनी मनगट सोडलं आणि काहीतरी लिहायला घेतलं. खोलीत उकडत होतं. कोपऱ्यातला उभा पंखा मान फिरवत वारा टाकत होता. तो ज्ञानाकडे वळला की तिची ओढणी उडायची, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं. तिच्या घेरदार ड्रेसचा काठ मात्र हलला नाही.

अनिल पंखा परत वळायची वाट बघत राहिला. पंखा वळला. ओढणी उडाली. काठ तसाच, सरळ खाली.

जाळ्याचा खालचा काठ पाण्यात असाच सरळ राहतो. त्याला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्या गोळ्या अनिलच्याच दुकानात पोत्याने असत. मध्यंतरी पोतं हलकं लागलं, तेव्हा त्याने काशीरामला, बापाच्या वेळेपासून दुकानात जाळी विणणाऱ्या माणसाला, चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं होतं. ज्ञाना तेव्हा गल्ल्यापाशीच बसली होती. काही बोलली नव्हती.

आपण कुठे बघतोय हे तिने हेरलंय, हे त्याला कळलं. तिने ओढणी मांडीवरून खाली ओढली.

"पप्पा, चला ना. क्लासला उशीर होतो."

हातातला मोबाइल वाजायला लागला. बायकोचाच असणार. उचलून 'वाढलं गो' एवढंच म्हणायचं होतं. पोरगी गाडीवर मागे बसून घरी आली असती. कोल्हापूर नको, नळ्या नकोत, शेजारपाजाऱ्यांचे प्रश्न नकोत.

त्याने फोन वाजू दिला.

"नाडी किती मंद आहे, मॅडम?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हृदयाला धोका आहे, इतकी."

"हिला तुमचे कपडे द्या. पुन्हा चढवा काट्यावर."

"पप्पा!"

"जा गो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

नर्सने ज्ञानाला पडद्याआड नेलं. आत थोडी ओढाताण झाली. मग ड्रेस फरशीवर पडला, आणि तो कापडासारखा वाजला नाही. अनिलने खिडकीबाहेर बघितलं.

दवाखान्याचा हिरवा गाऊन तिला कुणीतरी खुंटीवर अडकवल्यासारखा दिसत होता. ती हमसून हमसून रडत होती. "मला पाठवू नका कोल्हापूरला. पप्पा, मी खाते. आई शप्पथ खाते." नर्सने दंड धरून तिला काट्यावर उभं केलं. त्या दंडाला नर्सची बोटं सहज वेढून उरली.

आकडा थरथरला. मग खाली उतरत गेला. मागच्या वेळच्याही खाली, त्याच्या मागच्याही खाली, आणि तिथे थांबला.

ज्ञानाने डोळे पुसून तो वाचला.

तिचं रडं तिथल्या तिथे थांबलं. ओठ हळूहळू पसरले. गालांवर पाणी तसंच होतं आणि चेहरा उजळला होता, शाळेत पहिली आल्याचं तिने दारातून ओरडून सांगितलं होतं तेव्हासारखा. डॉक्टर कोल्हापूरला फोन लावत होत्या. तो तिला ऐकू येत नव्हता. ती आकड्याकडे बघत होती.

अनिल उठला आणि भिंतीवरच्या पेटीला पाठ लावून, तिच्यासमोर उभा राहिला.

"सरका ना, पप्पा," ती म्हणाली. आवाज गोड होता. "मला बघू दे."

तो सरकला नाही.