पीचच्या वासाची वाफ

डुलुथमधल्या त्या खानावळीत कामातून दहा मिनिटं सुटका व्हायची ती फक्त सिगारेट ओढणाऱ्यांची. सिगारेटला कधीच न शिवलेली मार्लिस भांडी घासता घासता धुमसत राहायची. एके दिवशी तिने निकोटिन नसलेलं व्हेप आणलं आणि मॅनेजरच्या नाकापुढे नाचवलं. "नुसती पीचच्या वासाची वाफ आहे ही. पण आता मलाही बाहेर सोडायचं, कळलं?"

या हिवाळ्यात मॅनेजरने ती दहा मिनिटं सगळ्यांनाच दिली, ओढणाऱ्यांनाही आणि न ओढणाऱ्यांनाही. सिगारेट केव्हाच सोडून दिलेल्या वर्लिन आचाऱ्याने मागचं दार किलकिलं केलं. "अगं बाई, आत ये की. कॉफी निवतेय."



"येते म्हटलं ना," बर्फात उभी मार्लिस त्याच्यावर खेकसली, आणि खोकल्याची उबळ आवरून तिने पुन्हा पीचच्या वाफेचा झुरका घेतला.