माशी बसायची टाप नाही

पाळण्याची कडी कर्रकन वाजली आणि दुपारच्या शांततेला तेवढ्यापुरता तडा गेला. ती हातातली बाटली तशीच धरून दारात थांबली. धाकटा हलला, मूठ तोंडात कोंबून पुन्हा झोपला. तो उठेपर्यंतचा वेळ तिचा. अर्धा तास, फार तर पाऊण.

टर्पेंटाइन, कापूस, वाटीभर जांभळं औषधपाणी, तेलात कुटलेला कापूर आणि भुवया कोरायचा चिमटा घेऊन ती गोठ्यात आली. मागोमाग पाच वर्षांची लेक, रॉकेल घातलेला पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी जपून धरून.

गाय मान एका अंगाला कलती करून उभी होती. मागच्या आठवड्यात दावणीत अडकून तिचं डावं शिंग बुडाशी मोडलं. तेव्हापासून सासरे रोज सकाळी त्यावर जळकं ऑईल थापत आणि वरून फडकं आवळत. धुणं नाही, पुसणं नाही. कालच्या थरावर आजचा थर. "आता माशी बसायची टाप नाही," म्हणून हात झटकत आणि चहाला येत.

म्हणणं खरंच होतं त्यांचं. वर एकही माशी नव्हती. करायचं ते करून माश्या केव्हाच निघून गेल्या होत्या. माशीला टाप लागत नाही, फट पुरते.

रविवारी ती म्हणाली होती, "मामंजी, एकदा धुऊन बघू या का?" चार पाहुण्यांदेखत सासरे हसले होते. "घ्या. कंपाउंडरच्या लेकीनं आता आम्हाला गुरं शिकवायची." पाहुणेही हसले. सोमवारी वास यायला लागला. ती काही बोलली नाही. नाकानं कांदे सोलतात ना, मग त्याच नाकाला कळू दे. आज सकाळी गाईनं वैरण हुंगलीसुद्धा नाही, तेव्हा मात्र तिनं टर्पेंटाइनची बाटली शोधून काढली.

तिनं फडकं सोडलं. लेकीनं डबा खाली ठेवून नाक दाबलं.

"सोमवारी येत होता तोच वास," ती नाकातून म्हणाली.

"हं. डबा धर."

काळा थर भिजवून, पुसून काढला तेव्हा शिंगाच्या जागी बोटभर भोक दिसलं. ते आत, कवटीकडे जातं. जनावरांच्या दवाखान्यात वडिलांच्या हातात ट्रे देता देता ती हे शिकली होती. टर्पेंटाइनचा बोळा तिनं भोकाशी धरला आणि गाईच्या गालाला गाल लावून थांबली. "बाई माझी, थोडंसंच," ती म्हणाली, धाकट्याला टोचताना म्हणते तसंच. मग आतलं हलायला लागलं. श्वास कोंडलेल्या अळ्या वर आल्या, भाताच्या शितांसारख्या, एकीवर एक. ती चिमट्यानं एकेक ओढून डब्यात टाकू लागली.

"गाईला पार्लरमध्ये बसवलंय वाटतं?"

सासरे दारात उभे होते. डोळ्यांवर झोप, तोंडावर हसू. मागे सासूबाई.

"भुवयांचा चिमटा ना तो? कोर, कोर. मग पावडरही लाव. चाळीस वर्षं गुरं पाळली मी, सूनबाई. सुकत आलेली जखम उकरायची बुद्धी मला कधी झाली नाही."

तिनं मान वर केली नाही. "माशी बाहेर बसत नाही, मामंजी. तिनं आत बिऱ्हाड केलंय."

मग लेकीच्या हातातला डबा घेऊन तिनं तो त्यांच्या नाकाखाली धरला. धरायला हवा होता त्याहून अंमळ जास्तच वेळ. रॉकेलवर पांढरा थर वळवळत होता.

सासऱ्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी डब्यात पाहिलं, गाईकडे पाहिलं, आणि मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "बघ. मी म्हणतच होतो, आत काहीतरी आहे." कशालाही हात न लावता ते हात धुवायला निघून गेले. सासूबाई पदर नाकाला लावून त्यांच्या मागे गेल्या.

तिला आतून आनंदाची उकळी फुटली. चार दिवस हीच घटका तिनं मनात घोळवली होती. पडलं तोंड पाहायला मिळालं, आणि तेही जवळून.

ती पुन्हा गाईकडे वळली. अळ्या अजून येत होत्या. डाव्या डोळ्याखाली सूज चढली होती, डोळ्यावर सायीसारखा पडदा. चिमटा जाईल तिथपर्यंत तिनं घातला. त्याच्या पलीकडेही काहीतरी हलत होतं. वडील म्हणायचे, पहिल्या दिवशी कापूस, चौथ्या दिवशी पुरायला कुदळ. तिनं बोळा आत बसवला, कडेनं कापराचं तेल लावलं. गाईनं गुडघे टेकले आणि हनुवटी जमिनीवर ठेवली.

लेक तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, हिला एवढं दुखत होतं, तर हिनं आजोबांना सांगितलं का नाही?"

"तिला बोलता येत नाही ना, ठमे."

लेकीनं गाईच्या कानामागे हात फिरवला.

"तुला तर येतं ना?"