खुर्चीचं वजन

सकाळी दहा वाजता अकोटच्या एका वृद्धाश्रमात कुपोषणाची तपासणी सुरू झाली. परिचारिका रागिणीने आधी रिकामी चाकाची खुर्ची वजनकाट्यावर ठेवली. अठरा किलो. मग मैनाबाईंना खुर्चीत बसवलं. आकडा अठराच राहिला.

शकुनबाईंना बसवलं, तरी अठराच.

"काटा बिघडला, मॅडम. इथं सगळे पोटभर जेवतात," असं म्हणत व्यवस्थापक गजेंद्र स्वतः खुर्चीत बसला.

आकडा शंभरावर गेला, दीडशे झाला, तरी चढतच राहिला.

"काटा बरोबर हाय, बाई," मैनाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या ताटातलं सारं यानंच त खाल्लं."

गजेंद्र उठू लागला. त्याला उठता येईना.

"बस नं, बाबू," शकुनबाई म्हणाल्या. "नत्थुजीचं राह्यलं अजून."

नत्थुजी मागच्या महिन्यात वारले होते.

आकडा पुन्हा हलला.