टाकीकडची हाक

जांभूळच्या पंपघरात प्रतिभा सकाळपासून एका जुन्या मोडेमशी झटत होती. डोंगरावरच्या टाकीत पाणी किती उरलं, हे फोनच्या तारेवरूनच कळायचं. नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं आणि ते मोडेमला ओळखच देत नव्हतं. आकडा कळल्याशिवाय वाड्यांना पाणी सोडता येणार नव्हतं. मोडेम चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलून बदलून तिचे डोळे चुरचुरत होते, पाठ मोडून आली होती.

ऊन उतरता उतरता मोडेमने एकदाचा नंबर फिरवला. पलीकडून किर्र आवाज सुरू झाला.

"ताई, कोन हाका मारतंय?" झाडलोट करणाऱ्या जनीबाईने विचारलं.

"मशीन आहे, मावशी. टाकीशी बोलतंय."

"मशीन नाय. बाईमानूस हाय. तुमचंच नाव घेतंय."

प्रतिभा हसली. आकडा काही येईना, आवाजही थांबेना. तिने स्पीकर बंद केला, तरी थांबेना. शेवटी वैतागून तिने तारच उपटली.

आवाज आता डोंगराकडून येऊ लागला.

जनीबाईने धावत जाऊन खिडकी लावली. "ओ देऊ नका, ताई. कितीबी बोलावलं तरी देऊ नका. ओ देनाऱ्याला ती घेऊन जाते."

प्रतिभाला आता शब्द कळत होते. दमून आलेल्या लेकीला जेवायला बोलवावं, तसं कुणीतरी मायेने बोलावत होतं.

"ओ," प्रतिभाच्या तोंडून निघून गेलं.

आवाज तत्क्षणी थांबला.