रंगनाथच्या हातचं पाणी

विळ्यानं बायकोचा गळा चिरणाऱ्या रंगनाथला पोलिसांनी मरणाऱ्या आईच्या भेटीसाठी तुरुंगातून तासभर मखमलाबादला आणलं होतं. बेडीची साखळी हवालदाराच्या पट्ट्याला अडकवलेली, नियमच तसा. "त्याच्या हातचं पाणी नको," म्हातारी सकाळपासून पुटपुटत होती. "वैनी, एकुलता लेक हाय. त्याच्या हातच्या पाण्याबिगर जीव सुटायचा नाय," दीर दरडावून म्हणाले. रंगनाथनं गंगेच्या पाण्यात तुळशीपत्र बुडवलं आणि बोटानं आईचे मिटलेले ओठ उघडले. चारच दात उरले होते, ते तिनं बोटात हाडापर्यंत रुतवले. रंगनाथनं किंचाळत हिसका मारला, तसा हवालदारही साखळीसकट खाटेवर आदळला. पांघरूण रक्तानं भिजलं तरी जबडा सुटेना. "चमचा आण गं, पोरी! दात उचकट तिचे!" हवालदार ओरडला. रंगनाथची लेक चमचा घेऊन आली, आजीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आजीचं होऊ द्या आधी."