मजुरीचे दिवस

बोर्डाचं झाकण उघडून ताईनं आत टॉर्च मारला आणि तिला हसूच आलं. सगळ्या घराचं वायरिंग गेलं म्हणून तिला बोलावलं होतं, आणि दुखणं निघालं एका तारेचं. न्यूट्रलची तार स्क्रूखालून सुटली होती. अख्खं घर अंधारात जायला तेवढं पुरतं.

पण ती आपोआप सुटलेली नव्हती. जळलेली नाही, तुटलेली नाही. कुणीतरी स्क्रू सैल करून ती बाहेर ओढली होती आणि कुठे टेकू नये म्हणून नीट बाजूला वळवून ठेवली होती.

ताई विजेच्या कामांची कंत्राटं घ्यायची. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. मजुरीचा अंदाज सांगावा तर तिनंच, असा तिचा लौकिक होता. पॉइंट किती, भिंत किती फोडायची, छत किती उंच, काम रिकाम्या घरात करायचं की माणसांच्या पायात पायात, हे बघत ती घरभर एक चक्कर मारायची आणि दिवस सांगून मोकळी व्हायची. दिवस फुगवणाऱ्या कंत्राटदारांचा तिला मनापासून तिटकारा होता.

या घराच्या मालकांनी सगळी हयात शिवणकामात काढली होती. आता ते एकटेच राहत. फोन त्यांच्या मुलानं केला होता. वायरिंग जुनं आहे, बहुतेक सगळंच बदलावं लागेल, मजुरीचा अंदाज द्या, एवढंच तो म्हणाला होता.

काका तिच्या मागेमागे खोल्याखोल्यांतून फिरत हकीकत सांगत होते. रविवारी संध्याकाळी मुलगा आला होता. हे आत भाजी गरम करत होते, तेवढ्यात दिवे गेले. मुलानं स्टुलावर चढून बघितलं आणि हात टेकले.

"तो लहानपणापासून विजेला घाबरतो," काका कौतुकानं म्हणाले. "बल्ब बदलायचा तरी मला हाक."

"हा बोर्ड तुम्ही उघडला होता का, काका?"

"मी? छे."

ताईची नजर शिलाई मशीनकडे गेली. तिथे एक बारका स्क्रू ड्रायव्हर पडला होता. काकांनी तिची नजर बघितली, लगबगीनं तो उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. ताई काय समजायचं ते समजली.

तिनं मीटर लावून सगळ्या तारा तपासल्या. जुन्या होत्या, पण ठणठणीत होत्या. स्क्रू पिळला की काम संपलं, हे सांगायला ती वळली, तर काका आधीच विचारत होते, की दिवस किती लागतील.

"काम संपेपर्यंत मुलाकडे राहायला या म्हणतोय," ते म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"तसा तो नेहमीच बोलावतो. पण उगाच कसं जाऊन बसायचं? त्यांचा संसार, त्यांची घाई. घरातच काम निघालं की गोष्ट वेगळी. अडचणीतल्या माणसाला कुणी कधी जाणार असं विचारत नाही."

ताईनं स्क्रूचं नाव काढलं नाही. दोन दिवस लागतील, ती चाचरत म्हणाली.

मग काकांनी घासाघीस सुरू केली, आणि तीही उलटी. जन्मभर ताईची गिऱ्हाइकं दिवस खाली ओढत आली होती, हे वर ओढायला लागले. भिंती किती जाड आहेत ते त्यांनी ठोकून दाखवलं. स्वयंपाकघरातलं कपाट हलता हलायचं नाही म्हणाले. तिच्या माणसांना मध्ये विश्रांती नको का, असंही विचारून झालं.

"दोन दिवसांत देतो म्हणून मी लोकांना महिना महिना झुलवलंय," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही तर आधी सांगून जास्त दिवस लावताय. त्यात कसलं पाप?"

ते हसत होते. पोराच्या घरी चार दिवस राहायला मिळावं म्हणून या माणसाला स्वतःच्या घरात अंधार करावा लागला होता. तिला त्यांचा राग येईना, मायाच येत होती.

ती पायरीवर बसून अंदाज लिहायला लागली. वायरिंग जुनं होतंच, नवं घातलं तर वाईट काही नव्हतं. दोघांच्या कामाला तिनं एकच माणूस धरला, आणि तोही असा, की ज्याला खिळा ठोकायच्या आधीसुद्धा बसून विचार करावा लागे. दिवस महिन्यावर गेले. मजुरी मात्र तिनं दोघांच्या खऱ्या कामाएवढीच लावली. वरच्या दिवसांचं ती पदरचं घालणार होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा कागद घेऊन दुकानात आला. आता हा वाद घालणार म्हणून ताईनं आधीच कंबर कसली.

"महिना लागेल?" त्यानं विचारलं.

"भिंती जाड आहेत."

"आणि मजुरी एवढीच?"

"माणूस एकच आहे."

तो कागदाकडे बघत राहिला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ताईचे कान गरम झाले होते. विचारलंच तर खरं सांगायचं नाही, म्हाताऱ्याला पोरासमोर उघडं पाडायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

पण त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. बाबांनी बॅग भरली, मशीनही बरोबर घेणार म्हणतात, नातीनं त्यांच्यासाठी आपलं अर्धं कपाट रिकामं केलंय, असं सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि आवाज एकदम खाली आणला.

"ताई, बाबांना बोलला नाहीत ना," तो म्हणाला, "की ती तार मी काढून ठेवली होती?"